यंत्रनांगराची निगा

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी भीती पुष्कळांस वाटे. ती निराधार ठरली. आज कवठे येमाईच्या मळ्यात असो वा पुण्याच्या बंगल्यातील बागेत, पॉवर टिलर चालविणाराने भ्यावे ते फिरत्या पात्यांस. त्यांत मूळ वा दोरी अडकली, तर इंजिन बंद करून, पेट्रोलचे असल्यास प्लगची तार काढून मगच हात घालावा. यंत्र मागे घेताना पाती थांबवावीत. एरवी पाय सापडतो. इंधन भरावे ते इंजिन निवाल्यावर. काम संपताच माती काढून बोल्ट आवळावेत, तेल व हवेची गाळणी तपासावी. हाकेसरशी बैल थांबे. यंत्रास हाक ऐकू येत नाही.