मुलांचा गेमिंग लॅपटॉप : घाई केव्हा, सबुरी केव्हा?

(गिरीज येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीचे निकाल लागले की दरवर्षी पालक मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, मुलगा गेमिंग लॅपटॉप मागतो आहे. कोणता घेऊ?" कोणता घ्यावा हे सांगणारे दुकानदार पुष्कळ आहेत. मला वाटते, त्याआधीचा प्रश्न आहे तो 'केव्हा घेऊ?' हा, आणि तो मात्र फारसे कोणी विचारीत नाही. आज मी त्याच प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. पण सत्तर-ऐंशी हजारांपासून लाखाच्या पुढे जाणारी ही वस्तू आपल्यातील कित्येक घरांत फीच्या खालोखाल मोठा खर्च असते. त्यासाठी कुणाच्या आईचा दागिना गहाण पडतो, कुणाच्या बहिणीची फी पुढे ढकलली जाते. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

प्रथम एक उदाहरण सांगतो. घर आपल्या परिसरातलेच आहे, नाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा हुशार. सीईटी दिली आणि मे महिन्यातच वडिलांकडे हट्ट धरला. आईच्या भिशीचे पैसे आले होते, त्यात उसने घालून लॅपटॉप आणला. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या पुढे दोन-तीन महिने चालल्या आणि अखेर मुलाने बी.कॉम.ला नाव घातले. रोज गिरीजहून वसई रोड स्टेशन आणि तिथून लोकलने मुंबई. अडीच किलोचे यंत्र आणि त्याचा विटेएवढा चार्जर त्या गर्दीत कोण नेणार? लॅपटॉप घरीच राहिला आणि त्यावर खेळ तेवढे झाले. पुढच्या मे महिन्यात एक वर्षाची वॉरंटी संपली आणि जूनमध्ये पडदा बिघडला. मुलगा वाईट नाही, वडीलही अडाणी नाहीत. चूक एवढीच झाली, की काम ठरण्याआधी अवजार घरात आले. 'बाजारात तुरी' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. ती अशाच घाईसाठी आहे.

आता गेमिंग लॅपटॉप म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घेऊ. साध्या लॅपटॉपमध्ये चित्र दाखविण्याचे काम मुख्य प्रोसेसरच्या पोटातील भाग करतो. गेमिंग लॅपटॉपमध्ये त्यासाठी वेगळी ग्राफिक्स चिप असते आणि तिला स्वतःची मेमरी असते. ही चिप खेळातील चित्रे भरभर रंगविते. तीच चिप इमारतीचे त्रिमितीय चित्र, यंत्राचा आराखडा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितेही झपाट्याने करते. तेव्हा 'गेमिंग' या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. मात्र या शक्तीची किंमत द्यावी लागते. यंत्र जड होते, तापते, पंखा घरघरतो आणि जोराचे काम चालू असता बॅटरी तास-दीड तासात संपते. ज्या वर्गात बाकाजवळ विजेचे बटण नाही, तिथे असे यंत्र लवकरच मुके होते. शिवाय आपल्याकडे प्रवेशाचा हंगाम तोच पावसाचा हंगाम. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारला पाण्याने वेढले होते, गाड्या बंद पडल्या होत्या, हे आपण विसरलो नाही. पाण्याने झालेला बिघाड साध्या वॉरंटीत बसत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मग याची गरज कोणाला आणि कधी पडते? आर्किटेक्चरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो. सुरुवातीला हाताने रेखाटन आणि पुठ्ठ्याचे नमुने यांवर भर असतो. पुढे रेव्हिट, स्केचअप, लुमिऑन यांसारखी साधने आली, की चांगल्या ग्राफिक्स चिपवाचून काम अडते. यांत्रिकी अभियांत्रिकीत सॉलिडवर्क्सवर मोठे आराखडे करण्याची वेळ साधारणपणे पुढच्या वर्षांत येते. ते विंडोजवर चालते, म्हणून अॅपलचा लॅपटॉप घेणाऱ्याने आधी विचारून घ्यावे. संगणक शाखेच्या विद्यार्थ्याला सी, जावा, पायथन शिकण्यासाठी गेमिंग यंत्र लागत नाही. सोळा जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा लॅपटॉप त्याला उत्तम पुरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग करताना एनव्हिडियाच्या चिपचा उपयोग होतो हे खरे. पण शिकाऊ प्रयोगांसाठी गूगल कोलॅबवर तशी चिप मर्यादित वेळ विनामूल्य वापरता येते. वाणिज्य, कला, कायदा, औषधनिर्माण या विद्यार्थ्यांना हलका आणि जास्त वेळ टिकणारा लॅपटॉपच सोयीचा. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी गणित, भौतिक, रसायन यांचाच भार अधिक असतो. तिथे ग्राफिक्स कार्डावाचून कोणी नापास झाल्याचे मी पाहिलेले नाही.

म्हणून माझे पहिले सांगणे असे. शेवटच्या फेरीत जागा पक्की होऊ द्या. वर्ग सुरू होऊन एक महिना जाऊ द्या. त्या महिन्यात मुलाने तीन माणसांना विचारावे. शिक्षकांना विचारावे, की या वर्षी कोणते सॉफ्टवेअर लागेल. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला विचारावे, की तुझे यंत्र कुठे अडले. आणि प्रयोगशाळेच्या सहायकाला विचारावे, की लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते. आपल्या मागच्या पिढीत भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये शिकणाऱ्या कुणाच्या वडिलांनी घरी लेथ विकत आणले नव्हते. मुले वर्कशॉपमध्ये शिकली आणि कुशल झाली. संस्थेचे अवजार मनसोक्त वापरावे, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट बाजाराची. या धंद्याला स्वतःचे ऋतू आहेत. नव्या चिपांची घोषणा बहुधा जानेवारीत अमेरिकेतील लास वेगासच्या प्रदर्शनाच्या सुमारास होते. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपांची ३० मालिका जानेवारी २०२१ मध्ये, ४० मालिका जानेवारी २०२३ मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. नवा माल आपल्या बाजारात पोहोचला, की मागच्या मालिकेचे भाव बहुधा उतरतात. विद्यार्थ्याला मागची मालिका पुष्कळदा पुरते. उदाहरणार्थ, लॅपटॉपमधील ४०६० आणि ५०६० या दोन्ही चिपांना आठ जीबीच मेमरी आहे. शाळा-कॉलेजे उघडताना, १५ ऑगस्टच्या सुमारास आणि दसरा-दिवाळीत सवलती निघतात. तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गरज कळली, तर दिवाळीपर्यंत थांबणे काही अवघड नाही. आईच्या भिशीचा नंबरही त्या बेताने मागून घेता येतो.

परंतु थांबले म्हणजे स्वस्तच मिळेल, असाही नियम नाही. २०२१ मध्ये चिपांचा तुटवडा पडला आणि ग्राफिक्स कार्डांचे भाव कडाडले. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची एवढी मागणी केली, की रॅमचे भाव झपाट्याने चढले. म्हणून केवळ भाव पडण्याची वाट पाहत बसू नये. वाट पाहायची ती गरज स्पष्ट होण्याची. ती स्पष्ट झाल्यावर पुढच्या सवलतीला खरेदी उरकून टाकावी.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जा, जवळच्या दुकानात जा किंवा घरबसल्या मागवा. कुठेही घेतलात तरी तीन गोष्टी पाहाव्यात. चिपचे नाव सारखे असले तरी तिला मिळणारी वीज सारखी नसते. एकच ४०६० चिप कंपन्या ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत चालवितात आणि कामात त्याप्रमाणे फरक पडतो. म्हणून वॅट विचारा. रॅम व एसएसडी पुढे वाढविण्याची सोय आहे का, ते पाहा. ती असेल तर आज कमी घेऊन दोन वर्षांनी भर घालता येते. आणि पक्के बिल घ्या, कारण त्यावाचून वॉरंटीचे भांडण जिंकता येत नाही.

आता नाजूक गोष्टीकडे येतो. 'नो कॉस्ट ईएमआय' ही पाटी आज प्रत्येक दुकानात आहे. आपल्यातील पुष्कळ मंडळी व्याजापासून दूर राहू इच्छितात आणि ही पाटी वाचून निश्चिंत होतात. तिची रीत समजून घ्या. बहुतेक योजनांत बँक हप्त्यांवर व्याज लावतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढी सूट आधी देते, म्हणून आकडा सारखा दिसतो. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, प्रक्रिया शुल्क निराळे. रोखीने मिळणारी सूटही पुष्कळदा जाते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेनेच सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. दीनी हुकूम काय तो आपण आलिमांना विचारावा, तो माझा अधिकार नाही. मी हिशेबाचा माणूस आहे आणि हिशेब असा सांगतो, की दरमहा आठ-दहा हजारांचा हप्ता भरण्याची ऐपत असेल, तर तेच पैसे आठ-दहा महिने बाजूला टाका. वर्षाअखेरीस लॅपटॉप रोखीने येईल, आणि तोवर मुलाला काय हवे हेही कळलेले असेल. मध्येच नड आली, तर मामा, चाचा, शेजारी यांच्याकडून कर्ज-ए-हसना घ्यावे. मात्र ते परत करण्याची तारीख लिहून द्यावी. नाती टिकविण्याचा तोच मार्ग आहे.

सबुरीचे एवढे सांगितले, आता घाई केव्हा करावी तेही सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या घराघरांत तीन भावंडे एका मोबाईलवर शिकत होती. ज्याच्याकडे काहीच साधन नाही, त्याला 'दिवाळीपर्यंत थांब' म्हणणे हा अन्याय आहे. त्याला साधा किंवा चांगल्या स्थितीतील जुना लॅपटॉप लगेच द्यावा. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याचे काम डोक्यावर आले, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सुरू झाला, तर वर्ष वाया घालवून पाच हजार वाचविण्यात अर्थ नाही. ते वरातीमागून घोडे होईल.

आणि मुलींविषयी मला स्पष्ट बोलू द्या. मुलाने मागितले तर घर उसनवारी करते, आणि मुलीने मागितले तर 'भावाचा वापर' म्हणते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, भाऊ रात्री बारापर्यंत खेळतो. माझा प्रकल्प मी बारानंतर करू का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पालकांनो, ते उत्तर तुमच्याजवळ आहे. यंत्र एकच असेल तर ते कोण, किती वेळ वापरील, याचा निर्णय अभ्यासावर ठरवा. वयावर किंवा मुलगा-मुलगी यावर ठरवू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. खेळणे हा गुन्हा नाही. पण खेळासाठी हवे असलेले यंत्र 'प्रोजेक्टसाठी' म्हणून मागू नका. अब्बांना खरे सांगा : "अभ्यासाला पन्नास हजारांचा पुरतो, वरचे तीस हजार माझ्या हौसेचे आहेत." मग ते तीस हजार शिकवण्या घेऊन, सुटीत काम करून स्वतः जमवा. स्वतःच्या कमाईची हौस गोड लागते. बापाच्या घामाची हौस खोटे बोलून घेतली, तर तिला आपल्या भाषेत इस्राफ म्हणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे विश्वासघात म्हणतात.

शेवटी संस्थेला एक विनंती. १८७४ साली मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली, ती एकेकट्या घराला जे झेपत नाही ते समाजाने मिळून करावे याच भावनेने. आपणही लहान सुरुवात करू शकतो. ग्रंथालयाच्या खोलीत दोन चांगली शक्तिमान यंत्रे ठेवावीत, वही ठेवून तासांप्रमाणे द्यावीत. पदवी घेऊन नोकरीला लागलेल्यांनी आपला जुना लॅपटॉप इथे आणून द्यावा. मग कुणाच्याही अम्मीला केवळ एका प्रकल्पासाठी बांगड्या काढाव्या लागणार नाहीत.

घरी गेल्यावर सर्वांनी एकत्र बसून चार प्रश्न कागदावर लिहा. प्रवेश पक्का झाला आहे का? या वर्षी कोणते काम साध्या यंत्रावर अडते? पैसे हातात आहेत का? आणि या खरेदीमुळे घरातल्या दुसऱ्या कुणाचे शिक्षण अडते का? पहिल्या तिन्हींची उत्तरे ठाम मिळाली आणि चौथ्याचे उत्तर 'नाही' आले, की बिस्मिल्ला म्हणून खरेदी करा. काम दारात आले की अवजार घरात यावे. त्याच्या फार आधीही नको आणि फार नंतरही नको.

अल्लाह आपल्या मुलामुलींना उपयोगी इल्म देवो आणि त्यांच्या आईबापांच्या कष्टात बरकत देवो, हीच दुआ करतो आणि आपली रजा घेतो. खुदा हाफिज.