जत्रेतला रिकामा दिवस

श्रोतेहो, जत्रा म्हटली की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते मी सांगायला नको. देवळापुढची गर्दी, रेवड्यांचे ढीग, फिरता पाळणा, कुस्त्यांचा फड, आणि गर्दीत हरवलेले कोणाचे तरी पोर. दोन-तीन दिवस गाव गजबजते. मग पाले उठतात, आणि माळावर उरतात शेंगांची टरफले आणि पाळण्याच्या खुंट्यांचे खड्डे. आता अशी कल्पना करा, की एक जत्रा कधी उठतच नाही. पाळणे पक्क्या पायावर रोवलेले आहेत, बारा महिने माणसांची रीघ लागलेली आहे, आणि आलेल्या पाहुण्याने धर्मशाळेच्या ओसरीवर पथारी न टाकता तिथेच बांधलेल्या मोठ्या हॉटेलात मुक्काम करायचा आहे. अशा जत्रेला 'थीम पार्क' म्हणतात. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली असे एक उद्यान सुरू झाले, आणि पुढे त्याला लागून हॉटेलही झाले. पण मी आज बोलणार आहे ते अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड'विषयी. आणि तेही तिथे काय काय पाहिले याविषयी नव्हे, तर तिथे आम्ही एक दिवस काहीच न पाहता कसा घालवला, याविषयी.

माझा थोरला भाऊ तिकडे नोकरीला आहे. २०२३ सालच्या मे महिन्यात त्याने आईला, मला, माझ्या पत्नीला आणि आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला बोलावून घेतले. वर्षभर पैसे बाजूला टाकून त्याने या उद्यानाच्या हॉटेलात तीन रात्रींची सोय केली होती. भाडे किती ते त्याने सांगितले नाही. मी ते वहिनींकडून काढून घेतले, आणि मनातल्या मनात त्याचे रुपये करून बसलो. मास्तर माणूस! तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच हिशेब सुरू झाला : या पैशाचा एकही तास वाया जाता कामा नये.

पहिला दिवस आम्ही त्या हिशेबाने काढला. सकाळी दार उघडण्याच्या आधी रांगेत उभे राहिलो. फ्लोरिडातला मे म्हणजे आपल्या कोकणातला मे समजा. ऊन आणि दमटपणा दोन्ही सारखेच. एका पाळण्यातून उतरायचे, दुसऱ्याच्या रांगेत उभे राहायचे. आईच्या गुडघ्यांना पाळणे मानवणारे नव्हते, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी आमच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसे. दुपारी चारच्या सुमारास मुलगी रडायला लागली. म्हणाली, "बाबा, मला काही नको. मला झोपायचंय." आणि मी, जो वर्गात मुलांना मानसशास्त्राच्या गोष्टी सांगतो, तो भर रस्त्यात तिच्यावर ओरडलो : "एवढे पैसे भरले ते झोपायला का?" ती एकदम गप्प झाली. ते गप्प होणे मला रडण्यापेक्षा अधिक लागले. पण रांग पुढे सरकली होती, मीही सरकलो.

रात्री दादा म्हणाला, "उद्या कुठे जायचं नाही. उद्या नुसतं राहायचं." मी वाद घातला. दादाने एवढेच विचारले, "आज तू काय पाहिलंस ते सांग बघू." मला पुढच्या माणसाच्या पाठीखेरीज धड काही आठवेना.

श्रोतेहो, या साऱ्या प्रकाराची सुरुवात कशी झाली ते इथे सांगायला हवे, कारण ती मोठी बोधक आहे. वॉल्ट डिस्ने हे चित्रपट काढणारे गृहस्थ. ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसमधल्या एका बागेत चक्रीवर बसवायला नेत. मुली चक्रीवर, आणि हे बाकावर शेंगा खात बसलेले. त्यांच्या मनात आले, की आईबापांनी आणि मुलांनी मिळून करमणूक करावी अशी जागा का असू नये? पुढे १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम गावी 'डिस्नेलँड' उघडले. म्हणजे या उद्योगाचे बी बाकावर एकट्या बसलेल्या बापाच्या मनात पडले. आणि मी त्याच उद्योगाच्या अंगणात माझ्या आईला दिवसभर बाकावर एकटी बसवून ठेवली होती!

हॉटेलाची कथाही ऐकण्यासारखी आहे. डिस्नेलँड बांधताना पैसा संपत आला, तेव्हा शेजारचे हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्या उद्योजकाने काढले. ते १९५५ च्या ऑक्टोबरात सुरू झाले, आणि डिस्ने कंपनीच्या मालकीचे झाले ते थेट १९८८ साली. तोवर उद्यानाभोवती इतर लोकांच्या खाणावळी आणि मुक्कामाच्या जागा दाटीवाटीने उभ्या राहिल्या होत्या. हा अनुभव घेऊन डिस्नेंनी फ्लोरिडात सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेतली, आणि भाव चढू नये म्हणून ती निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप घेतली. १९६५ साली गुपित फुटले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, डिस्ने वारले. त्यांचे थोरले बंधू रॉय यांनी आपली निवृत्ती पुढे ढकलली, काम तडीस नेले, १ ऑक्टोबर १९७१ रोजी ते लोकांना खुले झाले, आणि त्याच डिसेंबरात रॉयही गेले. विश्रांतीची जागा बांधणाऱ्याला स्वतःला विश्रांती मिळाली नाही.

आम्ही उतरलो होतो ते 'कंटेम्पररी' नावाचे हॉटेल त्या पहिल्या दिवसापासूनचे. त्याचा आकार वर निमुळत्या होत गेलेल्या छपरासारखा. खोल्या काही मैलांवरच्या कारखान्यात तयार करून आणल्या आणि कपाटात खण सरकवावेत तशा यारीने उचलून पोलादी सांगाड्यात सरकवल्या. इमारतीच्या पोटातून एकरुळी आगगाडी आरपार जाते. पलीकडचे मोठे तळेही माणसांनीच खणलेले आहे, आणि त्याची माती वाया न घालवता उद्यानाची जमीन उंच करायला वापरली. त्या भरावाखाली भुयारी रस्ते आहेत, त्यांतून कामकरी माणसे पाहुण्यांच्या नजरेआड ये-जा करतात. विहीर खणताना निघालेली माती बांधावर टाकणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. प्रमाण तेवढे मोठे.

तर आता त्या रिकाम्या दिवसाकडे वळू.

सकाळी कोणी कोणाला उठवले नाही. वहिनींनी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. खोलीतल्या यंत्रावर पाणी तापवून आम्ही चहा केला आणि तळ्याकडे तोंड करून दशम्या खाल्ल्या. मग मुले पोहण्याच्या हौदाकडे पळाली. माझी मुलगी पाण्यात, माझा पुतण्या तिला हात धरून शिकवतो आहे, आणि मी काठावर पाय सोडून बसलो आहे. पहिला अर्धा तास मला कठीण गेला. हात घड्याळाकडे जात होता. मग हळूहळू जाणे थांबले.

दुपारी उन्हात न जाता आम्ही हॉटेलच्या मधल्या दालनात बसलो. तिथे मेरी ब्लेअर या चित्रकर्तीने काढलेले, नव्वद फूट उंचीचे, रंगीत फरशांचे भित्तिचित्र आहे. मुले, पक्षी, जनावरे यांनी भरलेले. दादा मुलांना म्हणाला, "यात एक बोकड पाच पायांचा आहे, शोधा." झाले! पाऊण तास मुले माना वर करून उभी. बोकड सापडल्यावर माझी मुलगी धावत आली आणि मला ओढत घेऊन गेली. आदल्या दिवशी जिला मी ओढत होतो, ती आज मला ओढत होती. पाचवा पाय का, याच्या अनेक कथा लोक सांगतात. माझ्या मुलीचे म्हणणे, त्याला रांगेत उभे राहून पाय दुखले म्हणून देवाने एक जास्तीचा दिला. मी तिला म्हटले, "काल मी चुकलो गं." ती म्हणाली, "माहीत आहे." आणि पुन्हा बोकडाकडे बघू लागली.

संध्याकाळी आगगाडीत बसलो. हॉटेलांच्या फेरीला तिकीट नाही, त्यामुळे माझ्या हिशेबी मनालाही बरे वाटले. एक चक्कर झाली, उतरलो नाही, दुसरी मारली. मग तळ्याकाठी खुर्च्या ओढून बसलो. आईशेजारी मी होतो. मी सहज विचारले, "आई, आपल्या गावच्या जत्रेत तू कुठल्या पाळण्यात बसायचीस?"

आई म्हणाली, "मी कशाला बसते? मी कुठं येत होते जत्रेला?"

मी म्हटले, "म्हणजे? आपण दरवर्षी जात होतो की."

"तुम्ही जात होता. तुझे वडील तुम्हा पोरांना घेऊन जायचे. घरी दुभतं जनावर होतं, म्हातारी सासू होती. कुणीतरी मागं राहायला नको? तुम्ही यायच्या आत स्वयंपाक नको? तुम्ही आलात की सांगायचात, पाळणा असा वर गेला नि असा खाली आला. त्यातच माझी जत्रा व्हायची."

हे ती अगदी सहज बोलली. तक्रार नव्हती. श्रोतेहो, मी पंचेचाळीस वर्षांचा आहे. बालपणीच्या जत्रेवर मी लेख लिहिले आहेत. त्या जत्रेतला बैल, पाळणा, वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली कुस्ती, सारे मला आठवते. आणि आई त्यात नव्हती हे मला त्या दिवसापर्यंत कधी दिसलेच नव्हते! तो दिवस रिकामा नसता, तर मी तो प्रश्न विचारला नसता, आणि तिने उत्तर दिले नसते. पाळण्यांच्या रांगेत असल्या गोष्टी निघत नाहीत. त्यांना वेळ लागतो, आणि वेळाला काही काम नसावे लागते.

आणखी एक गोष्ट सांगतो. त्या सकाळी खोली झाडायला एक बाई आल्या. पाहतात तो बिछाने नीट घातलेले, टॉवेल घड्या करून ठेवलेले. आईने ते सारे आधीच उरकले होते. त्या बाई आपल्या भाषेत काही म्हणाल्या, आई मराठीत काही म्हणाली, आणि दोघी हसल्या. मी आईला म्हटले, "अगं, त्यांचं ते काम आहे, आपण त्याचे पैसे दिलेत." आई म्हणाली, "असू दे. तिला जरा उसंत." जन्मभर जिला उसंत मिळाली नाही, तिलाच दुसऱ्याच्या उसंतीची आठवण राहते.

रात्री तळ्यावरून तराफ्यांची रांग निघाली. त्यांवर दिव्यांनी आखलेले देवमासे, कासवे, समुद्रातले नाग. १९७१ पासूनची ही मिरवणूक काठावर बसून कोणीही फुकट पाहावी अशी. मुलगी आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत ती पाहत होती. या जत्रेत आई मागे राहिली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापकमहाशय, तुमचा भाऊ अमेरिकेत, म्हणून तुम्हाला या गोष्टी सुचतात. आम्ही काय करावे? तर मी काही तुम्हाला फ्लोरिडाला जा म्हणत नाही. विश्रांतीचे शास्त्र तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जमीन पड ठेवावी लागते हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्याला धुतात, सजवतात, पुरणपोळी भरवतात. पण ती पुरणपोळी चुलीपुढे बसून कोण लाटते, याचा विचार करा. बैलाला वर्षातून एक दिवस हक्काचा आहे. घरच्या बाईला कोणता?

म्हणून माझे मागणे लहानसे आहे. वर्षातून एक दिवस ठरवा. नदीकाठ असेल, मळा असेल, आंब्याची सावली असेल. घरातले सारे मिळून जा. मागे कोणी राहायचे असेल तर त्याची पाळी लावा, दर वर्षी तेच माणूस मागे राहता कामा नये. शिळी भाकरी-चटणी बरोबर घ्या, चूल पेटवू नका. आणि तिथे पोहोचल्यावर काही करू नका. मुलांना पाण्यात खेळू द्या, म्हाताऱ्यांना बोलू द्या.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. सुट्टीनंतर आपण मुलांना निबंध घालतो, 'सुट्टीत मी काय पाहिले'. ज्याच्या बापाला कुठे नेणे परवडले नाही ते पोर मान खाली घालून बसते. यंदा विषय बदलून पाहा : 'आमच्या घरी जत्रेला कोण जात नाही, आणि का'. हा निबंध लिहायला प्रवास करावा लागत नाही. घरात विचारावे लागते. मी तो विचारायला फार उशीर केला. तुमच्या मुलांना तेवढा उशीर होऊ नये.