जोडवी कुठे घालायची?
(माजी विद्यार्थी मेळावा, पनवेल : भाषण)



मघाशी चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं, "तू लहान मुलांच्या हाडांची डॉक्टर, म्हणजे प्लास्टरच घालतेस ना?" तेही करते. पण आज एक वेगळं काम सांगते.

काही मुलांच्या पायाचं एखादं बोट जन्मतःच मोठं असतं आणि बाकीच्या पायाला मागे टाकून वाढत जातं. हाड, चरबी, कातडी, सगळंच. बहुतेकदा अंगठ्याशेजारचं. बऱ्याच मुलांत पीआयके३सीए या जनुकात बदल सापडतो. तो आईवडिलांकडून येत नाही. पोटात बाळ घडताना एखाद्या पेशीत होतो आणि तेवढ्या भागापुरता राहतो. हे मुद्दाम सांगते, कारण "ग्रहणात हिनं विळी धरली होती" हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. (प्रोटियस सिंड्रोम याहून विरळा. त्यातला जनुकबदल २०११ साली सापडला. त्या मुलांत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, म्हणून ऑपरेशन फार जपून.)

ऑपरेशनचा हेतू साधा: पाय बुटात मावावा. लांबी थांबवायची तर मुलीच्या आईच्या पायाचं बोट मोजतो. मुलीचं तेवढं झालं की हाडाची वाढ जिथून होते तो भाग बंद करतो. खरी अडचण रुंदीची. नुसतं बोट काढून पाय अरुंद होत नाही, तळपायातलं त्याचं हाडही काढावं लागतं.

एका मुलीच्या वेळी हे सांगायचा मला धीर झाला नाही. बोट वाचवू म्हणून दोनदा चरबी काढली, दोन्ही वेळा ती परत वाढली. तिसऱ्यांदा बोट काढायचं ठरलं तेव्हा आजी म्हणाली, "लग्नात जोडवी कुठे घालायची हिनं?" मी गप्प. पुढे टाके निघाल्यावर तिनंच वाकून पाहिलं. पुढचं बोट अंगठ्याशेजारी सरकलं होतं. "इथं बसेल की," म्हणाली.

दोन वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी आता गोळीही आहे, अल्पेलिसिब. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तीही गंभीर आजारापुरती.

ऑपरेशननंतरही दोन पायांत एखाद्या नंबरचा फरक राहतोच. आईबाप दोन जोड घेतात आणि दोन बूट पडून राहतात. आपल्यापैकी ज्यांची बाजारात चपलांची दुकानं आहेत, त्यांनी जेवणानंतर मला भेटा. दोन नंबरांचा एक जोड एकाच किमतीत देता येईल का, ते बोलायचंय.