हृदयातील नळी आणि कार्डिफचा प्रश्न

(कार्डिफ येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली पहिली पिढी आता वार्धक्याकडे झुकली आहे. घरातील वडीलधारी व्यक्ती अतिदक्षता विभागात असते आणि ‘हृदयात नळी घालून मोजमाप करावे लागेल’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा आपण भयाने केवळ मान डोलावतो. म्हणून या नळीचे कार्य आपण समजून घेतले पाहिजे.

१९२९ साली जर्मनीतील डॉ. वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत नेली. पुढे लॉस एंजेलिस येथील डॉ. स्वान आणि डॉ. गान्झ यांनी १९७० साली टोकाशी चिमुकला फुगा असलेली मऊ नळी जगापुढे ठेवली. वाऱ्यावर जाणाऱ्या शिडाच्या नौका पाहून स्वान यांना ही कल्पना सुचली होती. रक्ताचा प्रवाहच फुग्याला हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून फुप्फुसाच्या धमनीत वाहून नेतो. तेथे दाब मोजता येतो. नळीतून थंड द्रव सोडला की टोकाजवळील सूक्ष्म तापमापक रक्ताचे बदलते तापमान टिपतो. थंडावा जितक्या लवकर ओसरेल, तितका रक्तप्रवाह अधिक. निरोगी प्रौढाचे हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते.

हे साधन जगभर रूढ झाले. परंतु त्यामुळे रुग्ण वाचतात काय? असा प्रश्न विचारण्याची शिस्त वैद्यकाला लावणाऱ्यांत आपल्या या कार्डिफमधील डॉ. आर्ची कॉक्रेन अग्रणी होते. ते येथील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साथरोगशास्त्र विभागाचे संचालक होते. उपचाराचे मोल डॉक्टरांच्या ख्यातीवरून नव्हे, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडून, त्यांची तुलना करून ठरवावे, असे त्यांनी १९७२ च्या ग्रंथात आग्रहाने मांडले.

याच कसोटीवर ब्रिटनमधील ६५ अतिदक्षता विभागांत हजाराहून अधिक रुग्णांवर ही नळी पारखली गेली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : नळी घातलेल्यांपैकी ६८ टक्के, तर न घातलेल्यांपैकी ६६ टक्के रुग्ण रुग्णालयात दगावले. स्पष्ट लाभ दिसला नाही, स्पष्ट हानीही नाही. आज ती निवडक रुग्णांसाठीच वापरली जाते. फुप्फुसातील रक्तदाबाच्या विकारात तिचे मोजमाप आजही मोलाचे आहे.

मोजणे म्हणजे बरे करणे नव्हे. म्हणून आपण डॉक्टरांना नम्रपणे विचारावे : ‘या आकड्याने उपचारात कोणता बदल होईल?’ असे विचारणे हा अनादर नव्हे. आपल्या माणसाप्रती ते आपले कर्तव्य आहे.