लेसरनंतरचे पहिले चार तास



भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेली बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. तुमच्यापैकी अनेकांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले असेल, आणि काहींना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले असेल. ‘मोतीबिंदू परत आला’ असे आपण म्हणतो. पण तो परत येत नसतो. कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिचा मागचा पडदा गढूळ होतो. पूर्वी तो सुईने किंवा सुरीने कापावा लागे. १९८० च्या सुमारास पॅरिसमध्ये दानिएल आरों-रोझा आणि बर्नमध्ये फ्रान्झ फांकहाउझर यांनी याग लेसर या कामी आणला. आता डोळा न चिरता काही मिनिटांत पडद्याला झरोका पडतो.

दिसायला लागले की माणूस घरी जायला निघतो. बालोद, राजनांदगाववरून आलेल्यांना गाडी गाठायची असते. माझी काळजी तिथेच सुरू होते.

पडदा फुटला की त्याचे बारीक कण डोळ्यातल्या पाण्यात मिसळतात. मोरीच्या जाळीत कचरा अडकावा तसे ते पाणी बाहेर जाण्याच्या वाटेत अडकतात. पाणी तुंबते आणि दाब चढतो. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा दाब. लेसरनंतरची वाढ बहुधा पहिल्या तीन-चार तासांत टोकाला जाते आणि बहुतेकांत दिवसभरात उतरते. मात्र ज्यांना आधीच काचबिंदू आहे, त्यांच्या दुबळ्या दृष्टिनसेला हे काही तासही महाग पडू शकतात. शिवाय थोडाफार वाढलेला दाब दुखत नाही. तो यंत्रानेच कळतो.

उपाय हाताशी आहेत. लेसरच्या आधी-नंतर ब्रिमोनिडीनसारखे थेंब घालतात. गरज पडली तर टिमोलॉलचे थेंब किंवा ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात. दमा असेल किंवा नाडी मंद चालत असेल, तर ते टिमोलॉलपूर्वी सांगा. मूत्रपिंडाचा आजार, मुतखडा किंवा सल्फाची ॲलर्जी असेल, तर गोळीपूर्वी सांगा. सूज उतरण्यासाठी दिलेले स्टेरॉइडचे थेंब सांगितले तेवढेच दिवस घाला. काहींचा दाब त्यांनीच काही आठवड्यांत वाढतो. डोळा जोरात दुखला, दिव्याभोवती वलये दिसली, उलटी झाली, डोळ्यात वीज चमकल्यासारखी वाटली किंवा अचानक काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आई-वडिलांना लेसरसाठी नेणाऱ्या मुला-सुनांना माझी विनंती आहे. काचबिंदू असेल तर तो आधीच सांगा आणि जुने कागद सोबत न्या. एक गाडी चुकली तरी चालेल, पण लेसरनंतर दाब मोजून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बोलावले, तर जरूर जा.