बुरुड राजाच्या कोटावर

(युवक मेळाव्यातील भाषण)



मला भाषण येत नाही. गोदीत टोळीला हाका मारायची सवय, माईकपुढे तोंड उघडायची नाही. कविता म्हण म्हणाला असतात तर म्हटली असती. पण आज विटांवर बोलायचंय.

नालासोपाऱ्याला उतरायचं. विरार लोकलच्या गर्दीनं उतरू दिलं तर. पश्चिमेला सोपारा गाव. तिथं विटांचा एक पडका ढीग आहे. तो स्तूप आहे. पण गावची जुनी माणसं त्याला म्हणायची बुरुड राजाचा कोट. ऐकताय ना? गाव बुद्धाला विसरलं, अशोकाला विसरलं, पण गावाच्या तोंडी जो राजा उरला तो टोपल्या विणणाऱ्या जातीचा! कुठल्या पोथीत सापडेल असा राजा?

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा कोट खणला. मधोमध विटांची कोठी, कोठीत दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडक, भोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा करंडक, मग दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि सोन्याच्या पोटात काय? मातीच्या भिक्षापात्राची बारीक खापरं. सोबत सोन्याची फुलं. ज्यांनी आमच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यात थुंकायला मडकं बांधलं, त्यांनी हे जरा सावकाश वाचावं. इथं मडक्याचे तुकडे सोन्यात ठेवलेत.

आत एक चांदीचं नाणं होतं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं. मूर्ती मात्र त्यानंतर कित्येक शतकांनी घडवलेल्या. म्हणजे मधे कुणीतरी स्तूप उघडला, पुन्हा बंद केला. इतकी वर्षं लोक त्याची काळजी घेत होते.

सोपारा तेव्हा बंदर. शूर्पारक. जहाजं लागायची. आता बंदर म्हटलं की माल उतरवणारे आलेच. आपलीच माणसं ती, पण त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. एक नाव तेवढं आहे. ‘दिव्यावदाना’तला पूर्ण. व्यापाऱ्याला दासीपासून झालेला पोरगा. भावांनी वाटणी केली तेव्हा पूर्णला वाटा मिळाला नाही, पूर्ण स्वतःच एकाच्या वाट्याला गेला! घरासारखा, दुकानासारखा. तोच पुढं समुद्रावर गेला, भिक्खू झाला.

सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ लाच मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावला मिळाला, १९५६ साली. साल ध्यानात घ्या. नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेच. नववा लेख सांगतो, फुकटचे विधी सोडा, दास आणि नोकर यांच्याशी नीट वागा. आमच्या मुकादमाला कुणीतरी वाचून दाखवा राव.

मागल्या पौर्णिमेला आईला घेऊन गेलो. ती वसईकडं वीटभट्टीवर राबलेली, हजारामागं मजुरी. लोक मेणबत्त्या लावत होते, फोटो काढत होते. आई विटांकडंच बघत बसली. जवळ जाऊन वाकली, न शिवता म्हणाली, “भाजणी चांगलीय. कच्ची असती तर इतक्या पावसात चिखल झाला असता.” मग म्हणाली, “डोक्यावर वाहिल्या असतील रे.” इतक्या पंडितांनी लिहिलं, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं.

आमच्यातला एक साथी म्हणतो, विटांनी पोट भरतं का? नाही भरत. गोदीतली हजेरी घटतेय, त्याचा मोर्चा वेगळा, त्यात मी पुढंच असतो. पण ते करंडक मुंबईतच आहेत, एशियाटिक सोसायटीकडं. टाउन हॉलच्या त्या ढीगभर पायऱ्यांच्या वर. गोदीतून पायी जाता येतं. आपल्यातले किती जण त्या पायऱ्या चढलेत? मीही नव्हतो चढलो. डबा खायला खालच्या पायरीवर बसायचो.

रविवारी सोपाऱ्याला जायचंय. सकाळची लोकल, चर्नी रोडला भेटू. डबा ज्याचा त्यानं आणायचा. आई येणाराय. तिला एका थरात किती विटा ते मोजायचंय.