तिसरी पाळी



रोह्याच्या धाटाव वसाहतीतले आमचे एक निवृत्त सोबती रात्री दोनला उठत, डबा मागत आणि पाळीला निघत. पत्नी दार अडवी. तिच्यावरच ते खेकसत. ‘म्हातारचळ’ म्हणून आम्ही हसलो, हे कबूल केले पाहिजे. हा स्मृतिभ्रंश, मेंदूचा रोग. त्याच्या मुख्य प्रकाराचे वर्णन अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ सालीच केले होते. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण वेळीच सांभाळले तर धोका घटतो. पुरता टळत नाही. यंत्रांच्या गोंगाटात कान गमावलेल्यांनी हे ऐकावे, ऐकू येत असेल तर!

पण त्या बाईंचे काय? साप्ताहिक सुटीसाठी आम्ही भांडलो. त्यांना सुटी कोण देणार? आता दर रविवारी आमच्यातले दोघे त्यांच्या घरी बसतात. बाई इथे पेणला बहिणीकडे येतात आणि दुपारभर झोपतात.